विश्रामने निवडलेल्या रात्री

गोत्री, बडोदे
१२ जून २०२५

सुभानराव,

नमस्कार. विश्रामच्या नावाने आलेले तुमचे पत्र मी उघडले आणि उत्तरही मीच लिहिते आहे, कारण त्याला लिहिता येत नाही. गेल्या दिवाळीत त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. समजते मात्र सगळे. तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. मी त्याची थोरली बहीण निरुपमा. घडियाळी पोळ या गल्लीतल्या त्याच्या खोलीतून एकदा तुम्हा चौघांना वाद्यांसकट बाहेर काढले होते, तीच.

तुमच्या कानामागे गाठ आहे, १८ ऑगस्टला शस्त्रक्रिया आहे, उजवा कान आधीच गेलेला आणि डाव्याने पुढे ऐकू येईलच असे डॉक्टर सांगत नाहीत, हे वाचून वाईट वाटले. त्याआधी तुम्हाला तुमच्या 'लांबण' बँडचे जुने कार्यक्रम ऐकायचे आहेत. ते विश्राम प्रत्येक वेळी स्टेजच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून उतरवून घेत असे. त्यांतल्या कुठल्या रात्री त्याला सर्वांत आवडतात हे त्याने सांगावे आणि त्या पाठवाव्यात, अशी तुमची विनंती आहे. "मी ड्रम बरे वाजवत होतो की नुसता धुडगूस, याचा निकाल विसूच देऊ शकतो" हे तुमचे वाक्य मी त्याच्यापर्यंत पोहोचवले आहे.

एकच गाणे चाळीस मिनिटे का वाजवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच निराळे का वाजवायचे, हे मला तेव्हाही कळले नाही, आजही कळत नाही. तसा आव मी आणत नाही. तेव्हा खालची निवड आणि शेरे विश्रामचे समजावेत.

सुरत, हॉस्टेलचे संमेलन, १९८१. उत्तम. ताल नेटका.
वाघोडिया, कारखान्याचे आवार, १९८२. विशेष ऐकावी. उत्साह वाखाणण्यासारखा.
नडियाद, १९८०. आवाज स्पष्ट.
बडोदे, गणेशोत्सव, १९८३. समाधानकारक. प्रगतीस वाव.

चारही कॅसेट्स कोरड्या फडक्याने पुसून कुरिअरने पाठवल्या आहेत. एकही मोडकी नाही, याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे. फोन करू नये. याला बोलता येत नाही आणि तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही.

तुमची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडो.

निरुपमा

*

भुसावळ
२७ जून

विसू,

ताई वाचून दाखवणार म्हणून शिव्या गाळून लिहितोय. जिथे वाक्य मोकळं वाटेल तिथे तू भरून घे.

तुला झटका आला आणि मला आठ महिन्यांनी कळतं. आपण काय माणसं आहोत! तू गिटार लावायला लागलास की मी म्हणायचो, याचं लावून होईपर्यंत लोक घरी जाऊन जेवून येतील. त्या हाताला काय झालं रे.

मंदाने स्टेशनजवळच्या माणसाकडून टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला. हेडफोन लावले, आवाज शेवटपर्यंत. डाव्या कानात अजून बऱ्यापैकी येतं. आणि लावली तुझी पहिली शिफारस. सुरत. 'उत्तम, ताल नेटका.'

विसू, त्या दिवशी मला ताप होता. 'रात्रपाळी' गाण्याच्या मधोमध माझी लय सुटली आणि मला परत कुठून आत शिरायचं ते सापडेना. ऐकताना तीच जागा आली आणि तिथेच मी बंद केली. चव्वेचाळीस वर्षांनीसुद्धा ती जागा ऐकवेना.

म्हटलं, चुकून आली असेल. वाघोडिया लावली. वीज गेली होती, आठवतं? अंधारात मी एकटाच बडवतोय आणि कुणीतरी गुजरातीत ओरडतोय, "भाई, हवे पतावो!" आता संपव म्हणून! उत्साह वाखाणण्यासारखा आहे खरा, पण त्याचा. नडियादला माझी काठी उडून शेजारी वाजवणाऱ्या धवलच्या कपाळाला लागली होती. गणेशोत्सवाबद्दल काय बोलू? मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवर येऊन आरतीची घोषणा केली तेव्हा आपण निम्म्यातच होतो. मंदा सगळं बघत होती. म्हणाली, "एवढ्यासाठी मी टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला होय?"

मग मी कॅसेट उलटी करून बघितली. ताईंनी निरागसपणे लिहिलंय, एकही मोडकी नाही. तेच तर!

चांगली रात्र झाली की तू काय करायचास? चहाच्या टपरीवर कॅसेट बाहेर काढायचास आणि कडेच्या दोन छोट्या पट्ट्या पेनाच्या टोकाने मोडायचास. पट्टी नसली की मशीन त्यावर दुसरं काही रेकॉर्ड करत नाही. ती रात्र कायमची राहिली. आणि वाईट झाली की पट्ट्या तशाच ठेवायच्या, पुढच्या खेपेला त्याच कॅसेटवर दुसरं उतरवायला. ना तू कधी चांगली म्हणायचास, ना वाईट. आम्ही तिघं तुझ्या पेनाकडे बघत बसायचो.

चारही कॅसेटच्या पट्ट्या शाबूत आहेत.

मी निकाल मागितला होता, तू दिलास. ८३ साली माझी भुसावळला बदली झाली असं सगळे समजतात. ती मी मागून घेतली होती. तुम्ही तिघं माझ्यासाठी थांबता असं मला वाटायला लागलं होतं. तू एका शब्दाने कधी बोलला नाहीस, म्हणून इतकी वर्षं मनाला समजावत आलो की तो माझाच संशय. आता बरं झालं. उरलेला कान गेला तरी हळहळ नाही.

आणि स्टेशनमागच्या पाण्याच्या टाकीखाली वाजवलेली 'मालगाडी'? ती तू माझ्यासमोर मोडली होतीस. ती का पाठवली नाहीस, हे विचारणार नाही असं ठरवलं होतं. विचारलंच शेवटी.

कॅसेट्स परत करत नाही. मंदाचं भजनी मंडळ आहे, त्यांना उपयोग होईल. पट्ट्या आहेतच.

सुभान

*

गोत्री, बडोदे
९ जुलै

सुभानराव,

त्या कॅसेट्स विश्रामने निवडल्या नव्हत्या. मी निवडल्या. त्याला विचारले नव्हते. शेरेही माझे. एकही कॅसेट मी ऐकली नव्हती. तुमचे वाक्य मी त्याच्यापर्यंत पोहोचवले असे लिहिले, तेही खोटे होते. मी त्याला फक्त "भुसावळहून पत्र आलंय, मी बघते" एवढेच सांगितले होते.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि मग मुख्याध्यापिका होते. न वाचलेल्या वहीवर 'समाधानकारक' लिहिणाऱ्या शिक्षिकेला मी कार्यालयात उभे करून बोलले आहे. ती रडली होती. तुमचे पत्र वाचताना मला तिचा चेहरा दिसत होता, आणि तिचे नाव मात्र आठवेना.

का केले, तेही लिहिते. विश्राम 'हो'ला डावा अंगठा वर करतो, 'नाही'ला मूठ वळतो. याहून अधिक काही सांगायचे तर अक्षरांचा तक्ता आहे, त्यावर तो बोट ठेवत जातो. एका वाक्याला पाऊण तास लागतो. भाषोपचार करणाऱ्या बाईंनी तो तक्ता मार्चमध्ये दिला. मी दोनदा वापरला आणि कपाटावर ठेवला. अंगठा आणि मूठ यांवर घर चालते, असे मी ठरवले. गाण्याचा विषय निघाला की त्याच्या डोळ्यांतून पाणी येते. लोकांना सांगते, मला ते बघवत नाही. खरे असे की मला त्याचा राग येतो. याच गाण्यापायी त्याने चांगली नोकरी सोडली, संसार केला नाही, आणि शेवटी करायला मीच उरले, हे माझ्या मनात असते.

आता कॅसेट्सचे. पत्र आले त्याच दिवशी मी त्याचे खोके उघडले. कडेच्या पट्ट्या मोडलेल्या दिसल्या. मला त्या खराब झालेल्या वाटल्या. टेपरेकॉर्डरवर मी आयुष्यात ऐकले तेवढेच, उतरवले कधी नाही, त्यामुळे पट्टीचे कारण मला ठाऊक नव्हते. एकामागून एक बघितल्या, बहुतेक सगळ्या मोडलेल्या. 'काय निष्काळजी माणूस' असे मी मोठ्याने म्हणालेही. खोकेभर कॅसेट्समध्ये चारच धड निघाल्या. त्या तुम्हाला पाठवल्या. हे वाक्य कृपया पुन्हा वाचावे. तुमच्या बँडच्या आठ वर्षांत त्याने फक्त चार रात्री पट्ट्या न मोडता ठेवल्या होत्या.

बाकीच्या मी पोत्यात भरल्या आणि रद्दी घेणाऱ्या पस्तीवाल्याला बोलावले.

विश्राम वॉकर धरून दारापर्यंत आला आणि डाव्या हाताने पोत्याचे तोंड धरून उभा राहिला. सोडेना. तोंडातून नुसता आवाज. पस्तीवाला म्हणाला, "बेन, काका ना पाडे छे," काका नको म्हणताहेत. मी म्हणाले, "काका रोज सगळ्यालाच ना पाडतात." समोरच्या फ्लॅटमधली माणसे दारात आली. मला लाज वाटली. ती त्याच्या आवाजाची. मी त्याची बोटे एकेक करून सोडवली. त्याला आत नेऊन खुर्चीत बसवले, "या वयात हट्ट शोभत नाही" म्हणाले आणि दार लावून घेतले. त्या दिवशी तो जेवला नाही. मी ताट उचलून ठेवले.

तुमचे दुसरे पत्र मी काही दिवस स्वयंपाकघरात डब्याखाली ठेवले. मग एका दुपारी त्याच्यासमोर बसून सगळे वाचले, आणि मी काय केले तेही सांगितले. 'प्रगतीस वाव'ला तो हसला. दिवाळीनंतर प्रथमच. हसता हसता सगळे अंग हलले. मग सुरतेच्या कार्यक्रमाचे वाक्य आले, "तिथेच मी बंद केली," आणि त्याने मूठ वळली. मी पुढे वाचू लागले तर तो पलंगाच्या कडेवर मूठ आपटू लागला. "पाणी हवं?" मूठ. "उशी?" मूठ. मग त्याने कपाटाच्या वर बोट दाखवले. मी तक्ता काढला. त्याने लावलेली अक्षरे जशीच्या तशी: पुढे ऐक म्हणाव.

का, ते सांगत नाही. विचारले तर पुन्हा त्याच अक्षरांवर बोट ठेवतो. ही त्याची शिफारस आहे, माझी नव्हे. सुरतेची कॅसेट जिथे बंद केलीत तिथून पुढे ऐका.

पोते शोधायला मी दुसऱ्याच दिवशी गेले. पस्तीवाला म्हणाला, ते वाघोडिया रोडवरच्या गोदामात गेले. गोदामवाल्याने ढिगाकडे हात केला. "शोधी लो, बेन. मळे तो तमारु." मिळाले तर तुमचे. ढीग उपसला. काही कॅसेट्स मिळाल्या, काहींचा चुरा झालेला. गोदामामागे भेंडीची लहानशी वाडी आहे. तिथे खुंट्या ठोकून वाफ्यांवरून काळी चकचकीत फीत ताणलेली होती, पक्षी येऊ नयेत म्हणून. वारा आला की ती गुणगुणत होती. वाडीवाला कौतुकाने म्हणाला, "आनाथी पोपट नथी आवता," याने पोपट येत नाहीत. एका खुंटीच्या बुडाशी रिकामे कवच पडले होते. त्यावर विश्रामचे अक्षर होते. 'मालगाडी, टाकीखाली.'

मी ती फीत हाताला गुंडाळत सगळ्या वाफ्यांवरून फिरले. उन्हाने आणि पावसाने ती गेलेली आहे. दुकानदाराने हातात घेऊन लगेच परत दिली. तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे, सुभानराव.

माफी मागायची मला सवय नाही, आणि ती कशी मागतात तेही नीट येत नाही. मागते आहे.

निरुपमा

*

भुसावळ
२१ जुलै

निरुताई,

पत्र मी मंदा लिहिते आहे. आमचे हे लिहायला बसले की कागद फाडतात. तिसरा कागद फाडल्यावर मी पेन काढून घेतलं.

आधी माझं बोलून घेते. तुमचं पहिलं पत्र आलं त्यानंतर या माणसाने घरात बोलणं टाकलं होतं. ऐकू कमी येतं म्हणून गप्प असतील असं मला वाटलं. मग बघते तर माळ्यावरच्या त्या दोन काठ्या, ज्यांना मला कधी हात लावू दिला नाही, त्या गॅसजवळ ठेवलेल्या. "पेटवायला होतील," म्हणाले. आमच्याकडे गॅसवर स्वयंपाक होतो, निरुताई. काठ्या मी पिठाच्या डब्यात लपवल्या. तुम्ही शाळा चालवलीत, हजार मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं असेल. चार ओळी खऱ्या लिहायला तुम्हाला इतका वेळ का लागावा? राग मानू नका. मानलात तरी चालेल.

तुमचं दुसरं पत्र यांनी स्वतः वाचलं. "पुढे ऐक" तिथे थांबले. म्हणाले, "पुढे काय ऐकायचं? पुढे गाणं कसंबसं आटोपलं." मी म्हटलं, "तुम्हाला ताप होता, तुम्हाला काय आठवणार?" नाही म्हणाले. दोन दिवस टेपरेकॉर्डरवर टॉवेल टाकून ठेवला. तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते, तर टॉवेल खाली पडलेला आणि हे हेडफोन दाबून धरून बसलेले.

मला काही ऐकू येत नव्हतं, मी यांचा चेहरा बघत होते. नंतर यांनी हेडफोन माझ्या कानाला लावले आणि तीच जागा मला ऐकवली.

यांची लय सुटते. मग विश्रामभाऊ दोनच सूर वाजवायला लागतात. तेच ते दोन. पुन्हा तेच. बाकीचे दोघंही हळूहळू थांबतात, फक्त ते दोन सूर. लोक ओरडायला लागतात. शिट्ट्या. कुणीतरी काहीतरी फेकल्याचा आवाज येतो. तरी तेच दोन सूर, ना जोरात ना हळू, जसं कुणी दार धरून उभं राहावं. मग त्यांतले आनंदभाऊ विचारतात, "बंद करू या का?" आणि विश्रामभाऊ म्हणतात, अगदी स्पष्ट आहे, टेपरेकॉर्डर त्यांच्या पायाशीच असणार, "थांब रे. येतोय तो."

आणि हे येतात. चुकत चुकत येतात, मग नीट येतात.

यांना हे माहीतच नव्हतं. तापात कळलं नाही आणि नंतर लाजेने ती कॅसेट कधी ऐकली नाही. "ते थांबायचे," म्हणाले, "मला वाटायचं कंटाळून थांबायचे." मग म्हणाले, "मी उगाच बदली मागितली, मंदा." या बदलीमुळेच माझं यांच्याशी लग्न झालं. भाजी निवडत बसले.

आता कामाचं. मिळालेल्या कॅसेट्स कुरिअरने पाठवू नका. माझा तुमच्या कुरिअरवर विश्वास आहे, तुमच्या निवडीवर नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः बडोद्याला येते. यांना डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलंय. तोपर्यंत विश्रामभाऊंनी निवडायचं. तुम्ही नाही. एका वाक्याला पाऊण तास लागो नाहीतर पाऊण दिवस. आणि शेरे त्यांचे हवेत. वाईट असले तरी चालतील. यांना गोड नको आहे, खरं हवं आहे.

स्टेशनवर घ्यायला येऊ नका, रिक्षा करून येईन.

मंदा

*

गोत्री, बडोदे
४ ऑगस्ट

सुभानराव,

मंदाताई सकाळच्या गाडीने आल्या. या क्षणी त्या विश्रामपाशी बसल्या आहेत आणि मी स्वयंपाकघरात हे लिहिते आहे. मला त्यांनी दारातच विचारले, "कुणी निवडल्या?" मी म्हणाले, विश्रामने. "तुमच्यासमोर विचारू त्यांना?" मी म्हणाले, विचारा. त्यांनी विचारले. अंगठा वर झाला तेव्हाच त्यांनी चपला काढल्या.

निवड कशी झाली ते तुम्हाला कळायला हवे. गोदामातून आणलेल्या कॅसेट्सपैकी ज्या वाजत होत्या त्या सगळ्या आम्ही ऐकल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी मध्ये उठत नव्हते. पहिल्या दिवशी मला वाटले, हा आता रडेल आणि मला ते बघावे लागेल. तो रडलाच. मी बसून राहिले. मला वाटत होते तितके ते अवघड नव्हते, आणि हे कळायला मला दिवाळीपासून ऑगस्टपर्यंत वेळ लागला, याची लाज वाटते.

शेऱ्यांसाठी मी शब्द सुचवले. सवय जात नाही. "छान?" मूठ. "उत्तम?" मूठ. "उल्लेखनीय?" यावर त्याने माझ्याकडे असे काही बघितले की मी तक्ता त्याच्या मांडीवर ठेवून दिला. त्यानंतर मी एकही शब्द पुरवलेला नाही. एकदा तो 'स'वर बोट ठेवून बराच वेळ थांबला. मी "सुंदर" म्हणायला तोंड उघडले होते, पण मिटले. त्याला 'सुभान' लिहायचे होते.

प्रत्येक कॅसेट संपली की तो माझ्या हाताकडे बघायचा. मलाही अंगठा किंवा मूठ दाखवायला लावायचा. मी बहुतेक वेळा मूठ दाखवली, कारण तेच खरे होते. चाळीस मिनिटे मला अजूनही फार वाटतात. मूठ बघून त्याला आनंदच व्हायचा. एका ठिकाणी माझा अंगठा वर गेला. कुठे, ते मी सांगणार नाही, त्यालाही पुन्हा विचारू दिलेले नाही.

'मालगाडी'ची फीत तुम्हाला द्यावी की नाही यावर त्याने एक पूर्ण सकाळ घेतली. आधी नको म्हणाला. फीत मांडीवर घेऊन बसला होता. मला वाटले, आता तो पस्तीवाल्याच्या दिवसाचे काही बोलेल. मी वाट पाहत होते. त्याने बोलावे असे मला वाटत होते. त्याने तक्त्यावर लिहिले, चहा. मी केला. मग त्याने लिहिले, देऊन टाक, त्याचीपण आहे.

शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला पत्रे लागतील. तुम्ही लिहाल ती विश्रामला येतील, तो वाचेल. पाने मी धरीन. उत्तरे उशिरा मिळतील. तुमच्या पाकिटावर फक्त त्याचे नाव असावे.

खाली काय दिले त्याची नोंद आहे. मंदाताईंनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन, कडा तपासून घेतली.

*

४ ऑगस्ट २०२५ रोजी गोत्री येथे मंदा यांच्या हाती दिले:

सुरत, १९८१. आधीच तुमच्याकडे आहे. विश्रामचा शेरा: रात्र वाईट झाली, पण ठेव.

डभोई, लग्नाच्या मांडवात, १९८०. पहिली बाजू सोडून दे, आनंद बेसूर. दुसऱ्या बाजूला सुभान पळतोय आणि आम्ही मागे. दमलो होतो.

रेल्वे कॉलनी, १९८२, दोन कॅसेट्स. आधी ही ऐक. सगळी ऐक. मंदाला पण लाव.

पावागढचा पायथा, १९७९. कवच तडकलेले, दुसऱ्या कवचात घालून आणले. ड्रम बरा आहे. यावर मी विचारले, फक्त बरा? त्याने पुन्हा तेच शब्द लावले आणि मग अंगठा वर केला.

बडोदे, गच्चीवर, तारीख नाही. शेरा दिला नाही. ही द्यायचीच असे तीन वेळा दाखवले.

'मालगाडी, टाकीखाली', १९८१. रिकामे कवच आणि फितीची गुंडाळी, कापडी पिशवीत. वाजत नाही. निरुपमाच्या हातून गेली.

देणारा: विश्राम. सही डाव्या हाताची. मी कागद धरला होता, हात धरला नव्हता.
घेणारी: मंदा.
लिहून घेणारी: निरुपमा.